आत घेतलेला होकार

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! सिम्रिसहाम्नहून पितेओपर्यंत, म्हणजे देशाच्या पायथ्यापासून जवळजवळ टाळूपर्यंत, दोन गाड्या आणि एक बस. बसमध्ये शेजारच्या म्हातारीने अख्ख्या प्रवासात एकदाच तोंड उघडलं, तेही माझी पिशवी तिच्या पायावर आहे हे सांगायला. पण मी खूश आहे. जाहिरातच अशी होती, की ती माझ्यासाठी लिहिली असावी: ‘हवी आहे, कोणावरही सहज विश्वास न ठेवणारी व्यक्ती.’ आईला वाचून दाखवली तेव्हा ती हसून लोटपोट झाली. मी आताच आणलेल्या दुधाचाही वास घेतल्याशिवाय ते कॉफीत ओतत नाही, हे तिने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलेलं आहे.

कंपनी नदीकाठच्या जुन्या लाकूडगिरणीत आहे. मधोमध लोखंडी शेगडी, भोवती टेबलं, दाराशी बुटांची फळी. सगळे लोकरीचे मोजे घालून फिरतात. मला धरून पाच जण. मालक बिर्येर, दाढीवाला, त्याला घाई म्हणून ठाऊक नाही. आवाजाचं काम बघणारा यालमार. प्रोग्रॅम लिहिणारा रुने, जो बोलतच नाही. आणि हिल्लेवी. चित्रं ती काढते, बडबडही एकटीच करते, बाकीच्यांच्या वाटणीची. डोक्यावर कायम लाल टोपी, शेगडीशेजारी बसली तरी. तिने मला कॉफीत बुडवलेलं चीज खायला घातलं आणि तोंड वाकडं करशील तर परत दक्षिणेत पाठवीन अशी दमदाटी केली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

रोजनिशी लिहिते म्हटल्यावर तिने माझं पेन बघून नाक मुरडलं. इथे थंडीत शाई गोठते, हे घे, म्हणून सुतारकामाची जाड पेन्सिल हातात ठेवली. त्याच पेन्सिलने लिहिते आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज खेळ नीट समजला. नाव ‘उसना’. दूरदूरची माणसं आपापल्या घरून एकत्र खेळतात, हेडफोन लावून, एकमेकांशी बोलत. आमचं काम असं, की तो बाजारात जायच्या आधी रोज दुपारी आपसांत खेळायचा आणि कुठे फारच सोपा आहे, कुठे फारच निर्दय, ते सांगायचं.

बर्फात अडकलेलं गाव, पाच जण, एक शेगडी. पाचांतला एक उसना. कोणी एकटा सापडला की उसना त्याचा चेहरा, कपडे, आवाज, सगळं घेतो आणि त्याच्या जागी घरात येऊन बसतो. ज्याचं घेतलं तो मरत नाही. तो बाहेर राहतो. खिडकीतून त्याला आतलं सगळं दिसतं, पण त्याचा आवाज आत पोचत नाही, आणि अंगातली ऊब हळूहळू उतरत जाते. ऊब आहे तोवर आतल्या कोणी दार उघडून त्याला नावाने हाक मारली, तर तो परत येतो. ऊब संपली की त्याचा बर्फाचा ढीग होतो आणि उसना कायमचा.

मेख अशी, की उसना खिडकीबाहेर एक फसवी सावलीही उभी करू शकतो. तिच्यासाठी दार उघडलंत तर तुम्हीच गेलात. म्हणजे सगळा खेळ एवढाच: काचेपलीकडे उभा आहे तो आपला माणूस, की नाही?

उसन्याला माझ्या आवाजात बोलता यावं म्हणून यालमारने मला गोधड्या टांगलेल्या खोलीत बसवून खूप वेळ वाचायला लावलं. मग माझे श्वास, ओठांची चुकचुक, गिळण्याचे आवाज सगळे कापून टाकले. श्वास म्हणजे कचरा, म्हणाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

इथली माणसं ‘हो’ म्हणतच नाहीत! शुक्रवारी रुनेला विचारलं, मोरी डावीकडे का, तर तो ओठ पुढे काढून झटकन श्वास आत ओढून थांबला. गरम चहाचा फुरका मारावा तसा आवाज. मला वाटलं, याला झटका आला. मी पाणी आणायला पळाले. हिल्लेवी टेबलावर डोकं ठेवून हसत होती. तोच होकार म्हणे. उत्तरेकडे सगळे असाच देतात, शब्द खर्च करायला नको म्हणून. पण तू इतकी बोलतेस, तूही? तिने श्वास आत ओढला.

गंमत अशी, की बाहेर थंडीत बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ येते, पण हा होकार देताना वाफ येत नाही. श्वास आत जातो ना. मी काल दिवसभर आरशापुढे सराव केला. आईला फोनवर करून दाखवला, तर ती म्हणाली, उचकी लागली का गं डिसा, पाणी पी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी सलग सगळे डाव जिंकते आहे आणि बाकीचे चरफडताहेत. बिर्येरने दाढी खाजवत विचारलं, तुला कळतं तरी कसं? आज सांगून टाकलं. खेळातल्या शेगडीपाशी प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते, थंडी वाजते का. जो श्वास आत ओढतो तो आपला. जो तोंडाने ‘हो’ म्हणतो तो उसना. कारण यालमारने श्वास कचरा म्हणून कापले, तेव्हा तुमचा होकारच कापला गेला, बाबांनो!

चौघेही चकित. आपण असं करतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दिवसाकाठी शंभरदा करतात आणि तो आपला शब्द आहे हे त्यांच्या गावीही नाही. बाहेरून आलेलीलाच ते ऐकू यायचं.

हिल्लेवीने मला उचलून गिरकी घेतली. बिर्येर मात्र म्हणाला, हे भोक बुजवायला हवं. उद्यापासून सगळ्यांचे होकार रेकॉर्ड करू.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

होकार गोळा झाले. एकेक जण गोधड्यांच्या खोलीत गेला. नवा माइक म्हणे आत जाणारा श्वास पकडण्यासाठी तोंडाच्या फार जवळ ठेवावा लागतो. हिल्लेवी बाहेर आली ती टोपी कानांवर ओढत. म्हणाली, घशातून कोणी दोरा ओढून काढावा तसं वाटलं. आणि लगेच हसली. मी तिला माझी कॉफी दिली.

मला बोलावलं नाही. दक्षिणेकडच्यांना होकार नसतो, म्हणाला यालमार. मी जरा रुसलेच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लाकडं आणायची पाळी हिल्लेवीची होती. लाकूडकोठी अंगणापलीकडे आहे, आणि इथे कोणी कोणाला ‘चल ना सोबत’ म्हणत नाही. स्वतःचं ओझं स्वतः उचलायचं, दुसऱ्याला तोशीस द्यायची नाही, हा यांचा धर्म. मी उठले तर तिने हातानेच बस म्हटलं. तिला यायला वेळ लागला. आली, लाकडं रचली, जागेवर बसली.

मी विचारलं, बाहेर फार गारठा आहे का?

हो, म्हणाली. तोंडाने. स्पष्ट.

१ डिसेंबर, सोमवार

सुट्टीचे दोन दिवस इथल्या खोलीवर स्वतःला समजावलं. माणूस कधी ‘हो’ म्हणूही शकतो. यांच्याकडे त्याला बंदी थोडीच आहे. शिवाय मी मुळातच संशयी, पगारच त्याचा घेते.

पण आज सकाळी बर्फ पडत होता. फळीवर सगळ्यांच्या बुटांखाली पाण्याची थारोळी होती. हिल्लेवीच्या बुटांखाली काही नाही. कोरडे. दुपारी तिने कॉफीत चीज घातलं नाही. मी वाटी पुढे केली तर वाटीकडे असं पाहिलं, जणू ती कशासाठी असते ते आठवते आहे. बडबडत मात्र होती, त्याच आवाजात, तेच विनोद. तेच. एक विनोद तर मी पहिल्या दिवशी ऐकलेला, शब्दन्‌शब्द तोच, फक्त मधले श्वास गळलेले.

बिर्येरला बाजूला घेऊन सांगितलं. तो गालात हसला. म्हणाला, पोरी, खेळ डोक्यात गेला तुझ्या, सगळ्यांच्या जातो पहिल्या हिवाळ्यात. संध्याकाळी लवकर जा, बटाट्याचे उकडलेले पाल्ट-गोळे खा आणि झोप काढ.

२ डिसेंबर, मंगळवार

 नीट लिहायला हवं.

दुपारी कॉफीनंतर. इथे तेव्हाच अंधारतं. खिडकीत नाताळच्या आधी लावतात तो कागदी तारा लावलेला, त्याचा उजेड बाहेरच्या बर्फावर. मी मान वर केली तर काचेपलीकडे लाल टोपी. हिल्लेवी. अंगात कोट नाही, पापण्यांवर बर्फ. मी वळून पाहिलं. हिल्लेवी माझ्यामागे तिच्या टेबलाशी, हेडफोन लावून, चित्र रंगवत होती.

बाहेरची काही बोलत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. मी ओठ हलवून विचारलं, हिल्लेवी, तूच का?

तिने ओठ पुढे काढले. वाफ आली नाही.

तो होकार होता? की तिला श्वासच नव्हता? फसवी सावलीही श्वास घेत नाही. खेळात मी शंभरदा पाहिलं आहे. सावली अशीच दीनवाणी बघते, अशीच काचेवर हात ठेवते. मी पडद्याची दोरी ओढली. पडदा खाली आला.

बरोबर केलं. मला वाटतं, बरोबर केलं.

३ डिसेंबर, बुधवार

सर्वांच्या आधी आले. पडदा वर केला.

काचेच्या बाहेरच्या अंगाला, तोंडाच्या उंचीवर, वाफेचा गोठलेला डाग. मोठा. पुन्हा पुन्हा तोंडाची वाफ सोडून केलेला. त्यात बोटाने रेघा ओढायला सुरुवात केली होती.

तिला श्वास होता. ऊब होती. ती तिचा होकार देत होती, मला, ज्या एकटीला तो ऐकू येतो तिला. आणि मी पडदा ओढला.

बाहेर धावले, नावाने हाका मारल्या. पावलं खिडकीपर्यंत आली होती, परत गेलेली नव्हती. खिडकीखाली बर्फाचा ढीग होता. काल नव्हता. हातांनी उकरला. नुसता बर्फ. मग टोपी.

टोपी माझ्या कोटाच्या खिशात आहे. मी खूप रडले. मग ती आली, लाल टोपी घालून, आणि विचारलं, काय गं, तब्येत बरी ना?

५ डिसेंबर, शुक्रवार

काल यालमार लाकडं आणायला गेला. मी दार अडवून उभी राहिले, नको जाऊ म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. तो भयंकर अवघडला. माझं मी करीन, म्हणाला, आणि मला हलकेच बाजूला केलं.

आज त्याचे बूट कोरडे.

दिवसभर खिडकीशी उभी राहिले. या वेळी उघडणार होते. कोणी आलं नाही. मग संध्याकाळी कळलं, मागच्या बाजूलाही खिडकी आहे, कोठाराची, जिथे कोणी बसत नाही. तिच्या काचेवर डाग. खाली ढीग.

पोलिसांना काय सांगू? माणसं जागेवर आहेत, कामं करताहेत, फक्त श्वास आत घेत नाहीत?

९ डिसेंबर, मंगळवार

रुनेही. रुने आता बोलतो. छान बोलतो.

बिर्येरला हात जोडले, खेळ बंद कर, रेकॉर्ड केलेले होकार पुसून टाक. तो ऐकून घेत राहिला. माझं खरं वाटतंय का तुला, विचारलं.

हो, म्हणाला. तोंडाने.

त्याच्या बुटांकडे बघायचा धीर झाला नाही.

१० डिसेंबर

शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलं. सकाळी लुसियाची, दिव्यांच्या सणाची, गाणी म्हणायला सगळे जमतील, त्या गडबडीत निघायचं. उद्या फक्त सामान न्यायला जायचं. लाकडांना हात लावायचा नाही. एकटीने अंगणात जायचं नाही. नियम मला पाठ आहेत.

आईला फोन केला. तिने विचारलं, येतेस ना नक्की? मी होकार दिला. तिकडून हसू आलं. अगं, पुन्हा उचकी!

तेव्हा जाणवलं. आरशापुढचा सराव कधीच संपला होता. आता तो आपोआप येतो. माझा झाला आहे.

११ डिसेंबर

यालमारने मला बोलावलं, म्हणजे त्याने, जो कोण तो आहे. हेडफोन कानाला लावला. माझा होकार. स्वच्छ. मी त्या खोलीत पुन्हा गेलेच नव्हते. डाव खेळताना माइकमधून मिळाला, म्हणाला. आमचे सगळे बिघडले, हा मात्र फार सुंदर निघाला. आता तुझं सगळं आहे आमच्याकडे.

चौघे हसत होते. शेगडी विझत आली होती. लाकडांची पाळी कोणाची, कोणी बोलत नव्हतं. मी खुर्ची घट्ट धरून बसले. नाही उठणार—

मग खिडकीवर टकटक.

लाल टोपी. पापण्यांवर बर्फ. काचेवर हात.

टोपी माझ्या खिशात आहे हे मला ठाऊक होतं. ढीग मी स्वतः उकरला होता. पण ती होकार देत होती, पुन्हा पुन्हा. आणि मला एकदा पडदा ओढून झालं होतं. दुसऱ्यांदा ओढणं जमलं नाही. मी दार उघडलं. हिल्लेवी, म्हणून हाक मारली—

—

मी बाहेर आहे. कोणी ढकललं नाही. वळले, तर माझी पाठ आत जात होती. तिने बूट काढले, फळीवर ठेवले. कोरडे. दार लावलं.

कोटाच्या खिशात वही होती. पेन्सिल चालते. हिल्लेवी, तुझी पेन्सिल चालते.

—

रस्त्याकडे चालायला लागलं की गिरणी पुन्हा समोर येते. खेळातही गाव असंच आहे. मीच सांगितलं होतं त्यांना, कुंपण हवं, नाहीतर बाहेरचा पळून जाईल आणि डाव बिघडेल.

—

लुसिया झाली असावी. आत केशरी पावांचं ताट. ती माझ्या फोनवर बोलते आहे. हसते आहे. आईशीच, माझं ते हसू मी ओळखते. आईला कळेल. आईने ओळखायलाच हवं. तिने श्वास आत ओढून होकार दिला. पलीकडे आईही हसली असेल. उचकी म्हणाली असेल.

बोटं दिसत नाहीत नीट

—

किती दिवस— माहीत नाही. चालत राहिलं की ऊब थोडी उरते. तारा काढला खिडकीतून.

आज नवीन मुलगी आली. टिंड्रा. दारावर चिठ्ठी लावली आहे, स्वागत म्हणून. बॅग मोठी. दक्षिणेकडचीच, टोपीशिवाय आली. ती— मी— तिला चीज खायला घालते आहे, आणि दमदाटी करते आहे. पेन्सिल देते आहे.

सहा जणांत फक्त हिच्याच बुटांखाली पाणी.

टिंड्रा. टिंड्रा. इकडे बघ

—

तिने कॉफी घेतली. दुधाचं खोकं उचललं.

ओतण्याआधी वास घेतला.

—

पाहिलं तिने. आली काचेशी. ओठ हलवून विचारते आहे, कोण? मग मागे वळून टेबलाकडे पाहते. तिथे मी आहे. परत माझ्याकडे. डिसा?

होकार आपोआप गेला. आत. वाफ नाही. नको होता, असा नको, तिला हा कळत नाही अजून— बाहेर सोडायला हवा होता, काचेवर, मोठा—

तोंडाची वाफ सोडते आहे. डाग धरत नाही. जरासाच. तिला दिसेल का जरासा—

बघते आहे माझ्या तोंडाकडे. हात वर केला तिने. दाराच्या कडीकडे, की पडद्याच्या दोरी